कात्रीतून सुटलेली पावलं

‘स्टॉर्मी वेदर’ हा १९४३ सालचा सिनेमा. शेवटाकडे कॅब कॅलोवेचा वाद्यवृंद रंगात येतो आणि फेयार्ड व हॅरोल्ड निकोलस हे दोघे भाऊ टॅप डान्सचे बूट वाजवत पुढे येतात. वादकांच्या मधून, पियानोवरून उड्या घेत एका भल्यामोठ्या जिन्यापाशी पोचतात. मग एक भाऊ दुसऱ्याच्या डोक्यावरून झेप घेतो ती थेट खालच्या पायरीवर, दोन्ही पाय दोन दिशांना ताठ पसरून. लगेच दुसरा पहिल्याच्या डोक्यावरून. असं करत करत ते तळाशी येतात. हा तुकडा मी कितीदा तरी थांबवून थांबवून पाहिलाय. तशा बसकणीतून उठताना त्यांचे हात जमिनीला टेकत नाहीत!

दोघांपैकी कुणीही नाच रीतसर शिकला नव्हता. आईवडील फिलाडेल्फियाच्या एका थिएटरात वाद्यवृंदात वाजवायचे. फेयार्ड समोर बसून नर्तकांचे पाय न्याहाळायचा आणि धाकट्याला शिकवायचा. या जिन्यासमोर कॅमेराही त्या मुलासारखाच बसलाय. जवळ जायची घाई करत नाही, डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस दाखवतो.

तेव्हा असं अख्खं दिसणं दुर्मीळ होतं. हॉलिवूडवाले कृष्णवर्णीयांची गाणी अन् नाच कथेपासून सुटे ठेवायचे, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत दाखवताना ते सरळ कापून टाकता यायचे. गायिका लीना हॉर्ननं एमजीएमच्या चित्रपटांत हे पुष्कळ सोसलं. ‘स्टॉर्मी वेदर’ची मात्र ती नायिका आहे. जिथे सगळेच कलाकार कृष्णवर्णीय, तिथे कात्री चालवणार कुठे?

पुढच्याच वर्षी ग्यॉन मिलीचा ‘जॅमिन द ब्लूज’ हा लघुपट आला, जेमतेम दहा मिनिटांचा. सुरुवातीला अंधारात नुसती वर्तुळं दिसतात. ती हलतात तेव्हा कळतं, ही लेस्टर यंगची वरून दिसणारी टोपी आहे, आणि तिच्याखाली सॅक्सोफोन. गिटार वाजवणारा बार्नी केसेल तेवढा एकटा गोरा. गोरे-काळे एकत्र वाजवताना दिसायला नकोत म्हणून त्याला सावलीत ठेवलं आणि हातांना बेरीचा रस फासला. इतक्या सुंदर चित्रणाच्या आत ही भीती दडलेली आहे, हे कळल्यापासून मला ती सावलीच आधी दिसते.

१९६४च्या ‘टॅमी शो’ या मैफलीच्या चित्रपटातला गायक जेम्स ब्राउन ओझरता का होईना, पाहायलाच हवा. तो गुडघ्यांवर कोसळतो, खांद्यावर केप पांघरून साथीदार त्याला नेऊ लागतात, आणि ती झटकून तो पुन्हा माइककडे धावतो. ‘वॉटस्टॅक्स’ या मैफलीच्या चित्रपटात नाच प्रेक्षकांत पसरतो. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत १९६५ साली उद्रेक झाला होता, त्याच्या स्मरणार्थ २० ऑगस्ट १९७२ रोजी ही मैफल भरली. तिकीट एक डॉलर, माणसं लाखभर. लोक नाचत मैदानात उतरतात आणि गुलाबी पोशाखातला गायक रूफस थॉमस त्यांना लाडीगोडीनं परत जागेवर पाठवतो.

कात्रीतून सुटलं तरी कपाट होतंच. १९६९च्या उन्हाळ्यात हार्लेमच्या बागेत झालेल्या संगीत महोत्सवाचं हॅल टुलचिननं सुमारे ४० तासांचं चित्रण केलं होतं. त्या चित्रणाला फारसं कुणी विचारलं नाही. जवळपास ५० वर्षं ते बहुतांशी पडून राहिलं आणि २०२१ साली क्वेस्टलव्हच्या ‘समर ऑफ सोल’मधून लोकांसमोर आलं. महालिया जॅक्सन आणि मेविस स्टेपल्स एकाच माइकवर गातात, ते पाहताना इतकी वर्षं हे आपल्यापर्यंत पोचलं नाही याचं फार वाईट वाटतं.

अरिथा फ्रँकलिनच्या ‘अमेझिंग ग्रेस’ची कथा वेगळी. जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री दिग्दर्शक सिडनी पोलॅकनं तिच्या गाण्याचं चित्रीकरण केलं, पण क्लॅप द्यायचं राहून गेलं. त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. पुढे तंत्रानं ते जुळले, तेव्हा अरिथानंच कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. तिच्या निधनानंतर, २०१८च्या अखेरीस, चित्रपट पडद्यावर आला. त्यात एके ठिकाणी ती पियानोशी बसून गातेय, चेहरा घामानं थबथबलेला. पुढच्या रांगेतून तिचे वडील उठतात, जवळ येतात आणि रुमालानं तिचं कपाळ, गाल टिपतात. ती गातच राहते.