दुसरा गुरुवार, रात्री साडेनऊपर्यंत

कोपरगावचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामाने. मंत्रालयात फाईल अडकलेली असते, नाहीतर दुसऱ्या एखाद्या कचेरीत खेप असते. संध्याकाळी कचेऱ्या सुटतात आणि मनमाडकडची गाडी रात्रीची. मधले तीन-चार तास स्टेशनातल्या बाकावर पिशवी सांभाळत जातात. महिन्याचा दुसरा गुरुवार असेल, तर ते तास असे वाया घालवू नयेत.

त्या संध्याकाळी कुलाबा, काळा घोडा आणि फोर्ट भागातली खासगी कलादालनं रात्री साडेनऊच्या सुमारापर्यंत उघडी राहतात. ‘आर्ट नाइट थर्सडे’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. एरवी ही दालनं सहा-सातला बंद होतात. म्हणजे नोकरदाराची सुटका होते नेमकी तेव्हा. या दिवशी तिकीट नाही, नावनोंदणी नाही. एक दालन पाहायचं, गल्ली ओलांडून दुसऱ्यात जायचं. नवी प्रदर्शनं पुष्कळदा याच दिवशी उघडतात, त्यामुळे चित्रकारही भेटू शकतो.

जहांगीर आर्ट गॅलरी सगळ्यांच्या परिचयाची. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिलेली ही वास्तू रस्त्यालाच लागून आहे, पावसात आडोशाला आलेला माणूसही चित्रं पाहून जातो. खासगी दालनं मात्र जुन्या इमारतींच्या जिन्यांवर, बंद काचेआड असतात. खाली छोटीशी पाटी. ‘आपलं इथे काय काम?’ असा विचार करून माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो. दुसऱ्या गुरुवारी जिन्यावर इतकी वर्दळ असते की तो विचार मनात यायच्या आत आपण वर पोचलेले असतो. मला या उपक्रमाचं मोल वाटतं ते यासाठी.

फोर्टमधल्या क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावरचं ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ घ्या. केकू गांधींनी १९४१ साली चित्रांच्या फ्रेमा बनवायचा धंदा सुरू केला. फ्रेम दाखवायची तर आत चित्र हवं. म्हणून आरा, हुसेन, हेब्बर अशा त्या काळच्या तरुण चित्रकारांची कामं त्यांच्या दुकानात झळकू लागली. पुढे १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. २००७ मध्ये ती आजच्या जागेत आली. आता ती त्यांची कन्या शिरीन गांधी चालवतात. भारतीय आधुनिक चित्रकलेचा केवढा तरी भाग या एका घराच्या हातून गेला आहे, आणि तिथे जायला आपल्याला एक रुपयाही मोजावा लागत नाही.

कुलाब्यातलं ‘प्रोजेक्ट ८८’ जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. आर्थर बंदर रोडवर कमल मॅन्शनमध्ये ‘चॅटर्जी अँड लाल’. सगळं एका संध्याकाळी उरकायचा हट्ट धरू नये, तीन दालनं पुरे. मंत्रालयाकडून निघालात तर मादाम कामा रोडने रिगल सिनेमापर्यंत चालत या, तिथून कुलाबा एका हाताला आणि काळा घोडा दुसऱ्या हाताला. त्या महिन्यात कोणती दालनं उघडी आहेत, ते आधी पाहून घ्यावं.

आत गेल्यावर चित्राशेजारच्या चिठ्ठीकडे लक्ष जातं. चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, साल, लांबी-रुंदी. किंमत बहुधा नसते. ती यादी टेबलाशी, मागितली तर मिळते. टेबलावरच प्रदर्शनाची माहिती देणारा एक कागद असतो. तो जवळपास सगळीकडे फक्त इंग्रजीत, आणि तेही जड इंग्रजीत. हे मला मनापासून खटकतं. ज्या शहरात बरवे आणि गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार घडले, तिथल्या दालनांनी पानभर मराठी मजकूर ठेवायला हवा. जिना चढून आलेल्या माणसाला चित्रापुढे पाच मिनिटं जास्त थांबवायचं काम तो कागद करील.

कारण पाहणारे आपल्याकडे आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना तालुक्यातालुक्यातून मुलं बसतात. वस्तुचित्रात मडक्याची सावली कुठे पडते, स्मरणचित्रात बाजारातली माणसं कशी बसवायची, हे कोपरगावच्या मुलालाही ठाऊक असतं. दहावीत सवलतीचे गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. त्या मुलाने खऱ्या कॅनव्हासवर रंगाचा थर किती जाड असतो, ब्रशचा फटकारा कुठे अर्धवट सोडलाय, हे हातभर अंतरावरून पाहिलेलंच नसतं. छापील पुस्तकात ते दिसत नाही, मोबाइलवर तर नाहीच.

मुंबईला सहल नेणाऱ्या शाळा राणीची बाग दाखवतात, गेट वे दाखवतात. गेट वेपासून यातली काही दालनं दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. सहलीची तारीख ठरवताना कलाशिक्षकांनी कॅलेंडरात दुसरा गुरुवार शोधावा आणि मुख्याध्यापकांकडे तेवढा एक तास मागून घ्यावा.