काळोखात मोजलेला प्रकाश

छातीत दुखू लागलेल्या रुग्णाच्या रक्तात डॉक्टर ट्रोपोनिन नावाचे प्रथिन शोधतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. मात्र आरंभी त्याचे प्रमाण अत्यल्प असते. एका लिटर रक्तद्रवात अवघे काही नॅनोग्रॅम. आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! इतकी सूक्ष्म गोष्ट प्रयोगशाळा मोजते तरी कशी, हे आपण समजून घेतले, तर हाती आलेल्या अहवालाकडे अधिक शहाणपणाने पाहता येईल.

या चाचण्यांना इम्युनोअ‍ॅसे म्हणतात. त्यांचा आधार म्हणजे प्रतिपिंडे. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या प्रथिनालाच धरते. एक प्रतिपिंड पृष्ठभागावर बसवलेले असते. ते रक्तातील ट्रोपोनिन पकडून ठेवते. मग दुसरे प्रतिपिंड त्याच ट्रोपोनिनला वरून येऊन चिकटते. या दुसऱ्या प्रतिपिंडावर एक खूण लावलेली असते. खुणा मोजल्या की प्रथिन मोजले जाते. १९५९-६० च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिन मोजण्याची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा ही खूण किरणोत्सारी होती. या कार्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे किरणोत्साराची जागा रंगाने व प्रकाशाने घेतली.

प्रकाशाची खूण सोयीची खरी, परंतु तिच्यात एक अडचण आहे. उत्तेजक किरण पडताच रक्तद्रव आणि चाचणीचे प्लास्टिकदेखील मंदपणे चमकू लागतात. या चमकेत खरी खूण हरवून जाते. सह्याद्रीत मे-जूनमध्ये काजवे पाहायला गेलेल्या माणसाला हे सहज कळेल. हातातला कंदील पेटता असेतोवर काजवे दिसत नाहीत. कंदील मालवावा, क्षणभर थांबावे आणि मग पाहावे.

युरोपियम या धातूची संयुगे शास्त्रज्ञांना नेमकी हीच सोय करून देतात. रक्तद्रवाची चमक काही नॅनोसेकंदांतच विझते. युरोपियमची लाल चमक मात्र शेकडो मायक्रोसेकंद, म्हणजे हजारो पट अधिक काळ टिकते. यंत्र आधी प्रकाशाचा झोत टाकते, तो बंद करते, किंचित थांबते आणि नंतर मोजणी करते. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यात थायरॉइडचा जन्मजात दोष शोधण्यासाठी ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. दोष वेळीच कळला, तर रोजच्या औषधाने बाळाच्या बुद्धीची हानी टाळता येते.

यापुढचे पाऊल नॅनोकणांचे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये सुमारे १०७ नॅनोमीटर व्यासाचे कण वापरले. अशा एकेका कणात युरोपियमची तीस हजारांहून अधिक संयुगे होती. जणू प्रत्येक रेणूच्या हाती एका काजव्याऐवजी काजव्यांनी लगडलेले अख्खे झाडच दिले! दुसऱ्या प्रकारचे कण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. रक्तद्रवाला हे साधत नाही. त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ काळीकुट्ट राहते. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग व झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधकांनी २०१७ मध्ये असे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले आणि प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित पीएसए हे प्रथिन मिलिलिटरला १.२ पिकोग्रॅम इतके अल्प असतानाही ओळखले. पिकोग्रॅम हा नॅनोग्रॅमचा हजारावा भाग होय.

तथापि, केवळ तेज वाढवून भागत नाही. एखादा कण प्रथिनाऐवजी रिकाम्या पृष्ठभागालाच चिकटला, तर तोही तितक्याच तेजाने चमकतो आणि खोटी ग्वाही देतो. म्हणूनच कणांवरील आवरण आणि धुण्याची रीत यांवर संशोधकांचे मोठे श्रम खर्च होतात.

आता आपल्या घराशी संबंधित भाग पाहू. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असते; सर्वत्र नॅनोकण वापरले जात नाहीत. म्हणून जुना व नवा अहवाल ताडून पाहताना पद्धत आणि एकक पाहावे. मिलिलिटरला ०.०४ नॅनोग्रॅम आणि लिटरला ४० नॅनोग्रॅम हे एकच प्रमाण आहे; नुसता आकडा पाहून घाबरू नये.

चाचणी कितीही संवेदनशील असो, रक्तात अद्याप न उतरलेले प्रथिन ती दाखवू शकत नाही. म्हणून ट्रोपोनिनची चाचणी काही तासांनी पुन्हा करतात. पहिला अहवाल निर्दोष आला म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका. छातीत दुखत असेल, तर चाचणीच्या शोधात न फिरता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

याउलट, अल्प प्रमाण आढळले म्हणजे झटका आलाच, असेही नव्हे. संवेदनशील चाचणीला निरोगी माणसांतही थोडे ट्रोपोनिन सापडते. मूत्रपिंडाच्या विकारात ते वाढलेले असू शकते. आकडा चढतो आहे की स्थिर आहे, यावरून डॉक्टर निष्कर्ष काढतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगा; त्या काही इम्युनोअ‍ॅसेंचे निकाल बिघडवतात.

यंत्र मंदातला मंद प्रकाश टिपील; पण त्या प्रकाशाचा अर्थ रुग्णाची लक्षणे, वेळ आणि पूर्वेतिहास यांच्याशी जोडूनच लागतो. ही माहिती डॉक्टरांना अचूक पुरवणे हे काम मात्र कुटुंबाचेच आहे.