जपानी चित्रपटांतील भयाचें आकर्षण

भय ही टाळण्याची वस्तु आहे, हें लहान मुलासही कळतें. तरीही रात्रीं भुताची गोष्ट निघाली म्हणजे तेंच मूल सर्वांच्या पुढें सरकून बसतें. मनुष्यस्वभावांतील हा विरोध फार जुना आहे. जपानांत सुमारें १९८५ ते २००० या काळांत निघालेल्या कांहीं भयपटांत त्याचें विलक्षण उदाहरण पाहावयास मिळतें. हे चित्रपट नटनटींना उभे करून घेतलेले नव्हेत. ते हातानें काढलेल्या चित्रांचे आहेत. पिशाचें, राक्षस, तलवारी आणि रक्तपात यांनीं ते भरलेले आहेत. ते निघून आज पंचवीस ते चाळीस वर्षें लोटलीं, तरी देशोदेशींचे प्रौढ रसिक ते पुनःपुन्हां पाहतात. असें कां व्हावें?

या चित्रपटांपैकीं तीन विशेष प्रसिद्ध आहेत. तोयो आशिदा यांचा ‘व्हॅम्पायर हंटर डी’ १९८५ सालीं निघाला. योशिआकी कावाजिरी यांनीं १९८७ सालीं ‘विकेड सिटी’ व १९९३ सालीं ‘निंजा स्क्रोल’ हे चित्रपट केले. पहिल्या दोहोंच्या कथा हिदेयुकी किकुची या कादंबरीकाराच्या आहेत. घरीं पाहावयाच्या व्हिडिओ कॅसेटींसाठींच चित्रपट काढण्याची प्रथा जपानांत १९८३ पासून सुरू झाली होती. मुलांसाठीं असलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांचीं बंधनें तेथें नव्हतीं. त्यामुळें प्रौढांसाठीं उग्र विषय हाताळण्यास चित्रकार मोकळे झाले.

परंतु या चित्रपटांच्या मोहिनीचें खरें मूळ त्याहून मागें, एका दारिद्र्यांत आहे. पडद्यावर दर सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठीं निराळें चित्र काढावयाचें तर एका मिनिटास चौदाशें चाळीस चित्रें लागतील. १९६३ सालीं ओसामु तेझुका यांनीं ‘तेत्सुवान आटोमु’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हां इतका पैसा व इतका वेळ कोणापाशींच नव्हता. म्हणून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत टिकवावयाचें, शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ हलवावयाचे, किंवा चित्र तसेंच ठेवून पार्श्वभूमि सरकवावयाची, अशा युक्त्या रूढ झाल्या. तेझुका यांच्याच संस्थेंत कावाजिरी यांनीं उमेदवारी केली. पुढें १९७२ सालीं त्या संस्थेंतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं ‘मॅडहाउस’ ही संस्था काढली, आणि तेथेंच कावाजिरी यांचे चित्रपट तयार झाले.

काटकसरीसाठीं शोधलेली ही निश्चलता भयाच्या फार उपयोगी पडली. सतत हालणाऱ्या वस्तूचें भय लवकर बोथट होतें. पण निश्चल उभ्या असलेल्या आकृतीकडे पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण ती आतां हालेल, मग हालेल, अशी धास्ती त्याला वाटत राहते. निळ्या-काळ्या अंधारांत उभा असलेला तलवारधारी, त्याच्या अंगरख्याचें वाऱ्यावर हालणारें टोंक, सर्वत्र शांतता. आणि मग क्षणार्धांत वीज चमकावी तसा वार! त्या वारासाठीं चित्रकारांनीं आपली सर्व शक्ति राखून ठेवलेली असे. रंग पारदर्शक पत्र्याच्या पाठीमागून हातानें भरले जात. डोळ्यांतील तेज किंवा पात्याची लकाकी दाखवावयाची असेल, तर चित्राच्या खालून खरा प्रकाश सोडीत. म्हणूनच त्या अंधाराला वजन आणि त्या उजेडाला धार आलेली दिसते.

यांतील भुतेंही आकाशांतून पडलेलीं नव्हेत. जपानी लोककथांत वस्तूचें रूप कायम राहील अशी खात्री नसते. शंभर वर्षें वापरलेल्या छत्रीस किंवा भांड्यासही जीव येतो, असा जुना समज आहे. तोरियामा सेकिएन या चित्रकारानें १७७६ सालीं भुतांचा सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. ‘विकेड सिटी’मध्यें साधी दिसणारी तरुणी पाहतां पाहतां कोळ्याचें रूप घेते, तेव्हां तीच परंपरा आधुनिक शहरांत आलेली असते. आपलें परिचित जग आंतून परकें निघेल कीं काय, ही शंका हेंच तेथील भयाचें बीज आहे.

तथापि नुसतें भय माणसास पुन्हां बोलावीत नाहीं. त्याच्या पोटांत करुणा असावी लागते. ‘डी’ हा अर्धा मनुष्य व अर्धा रक्तपिपासु पिशाच आहे. ज्या मुलीच्या रक्षणासाठीं तो आला, ती त्याला प्रेमानें मिठी मारते, तेव्हां त्याच्यांतील पिशाच जागें होतें, आणि तो तिला दूर लोटतो. ‘निंजा स्क्रोल’मधील कागेरो ही धन्याचें अन्न विषासाठीं चाखणारी स्त्री. विष पचवून पचवून तिचा देहच विषारी झाला आहे. जो तिच्या निकट येईल तो मरेल. शत्रूच्या राक्षसांपेक्षां या दोघांचें एकाकीपणच प्रेक्षकाच्या मनांत रेंगाळतें.

या चित्रपटांचा दोषही झांकतां कामा नये. स्त्रियांवरील अत्याचारांचीं दृश्यें त्यांत वारंवार येतात, आणि कित्येकदां कथेस त्यांची कांहींच आवश्यकता नसते. जेथें दुःख दाखवावयाचें तेथें कुतूहल चाळविलें जातें, आणि कागेरोसारख्या पात्राची करुणाही त्यामुळें मलिन होते. चित्रांचा खेळ म्हणजे मुलांचा खेळ, असें समजून हे चित्रपट मुलांच्या हातीं देणें तर सर्वस्वी चुकीचें आहे.

आज रंग भरण्याचें काम संगणकावर होतें, व पत्रे रंगविण्याची ती कला व्यवहारांतून गेली आहे. जुन्या चित्रपटांची ओढ वाढण्यास हेंही एक कारण असावें. परंतु केवळ जुनेपणामुळें कोणतीच कलाकृति टिकत नाहीं. साधनें थोडीं असतांना काय दाखवावें याहून काय राखून ठेवावें, हें ज्या चित्रकारांनीं ओळखलें, त्यांचीं चित्रें टिकलीं; आणि जेथें त्यांनीं राखून ठेवावयाचें तेंही दाखविलें, तेथें तीं उणीं पडलीं.