सीमेवरच्या तालुक्यात उद्योग कशाने येतो?

लाखांदूर तालुक्यात उद्योग यावा, ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. तरुण मुले कामासाठी नागपूर, हैदराबादची वाट धरतात आणि शेतातला धान पोत्यात भरून तसाच बाहेर जातो. या तालुक्यात छोटामोठा व्यापार वा कारागिरी करणाऱ्या आपल्या बांधवांची रोजीही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा खेळला तरच दुकान चालते. म्हणून उद्योग नेमका कशाने येतो आणि आपल्याला त्यासाठी काय करता येईल, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

आधी जागेचा विचार करू. लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याचे दक्षिण टोक. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका लागतो. दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजे वडसा आहे, तर पूर्वेला गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि तिकडेही जिल्ह्याची सीमा आली. जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते, उलट वडसाची बाजारपेठ आणि गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील रेल्वे स्टेशन जवळ आहे. सीमेवरच्या तालुक्याची ही नेहमीची अडचण असते. कागद एका जिल्ह्यात फिरतो आणि माल दुसऱ्या जिल्ह्यात.

सवलतीने किती होते?

मागास भागात उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. पुढे ती अनेकदा सुधारली. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडले गेले. भाग जितका मागास, तितकी सवलत जास्त, असे हे सूत्र. पूर्वी ही सवलत मुख्यतः विक्रीकरात मिळे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा भरलेल्या राज्य कराचा काही भाग परत मिळण्याची पद्धत आली.

लाखांदूरचा शेजारी गडचिरोली हा या योजनेत ‘विनाउद्योग जिल्हा’ म्हणून नोंदला गेला आणि सर्वांत वरच्या सवलतींना पात्र ठरला. म्हणजे वडसाच्या हद्दीत पाऊल टाकले की जास्त सवलत. तरीही गडचिरोलीत मोठा पोलाद प्रकल्प उभा राहिला तो चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे, आणि तोही सुरजागडचे लोहखनिज नियमित निघू लागल्यावर. सवलत तर आधीपासून होती. कारखान्याला ओढून आणले ते खनिजाने.

उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. २०१३ साली साकोली तालुक्यातील मुंडीपार येथे ‘भेल’च्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, पण ठरलेला कारखाना उभा राहिला नाही. भंडारा जिल्ह्यातील जे मोठे कारखाने टिकले ते कुठे आहेत, हेही पाहावे. वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरील भंडारा रोड स्टेशनाजवळ आहे. गडेगावचा अशोक लेलँड कारखाना राष्ट्रीय महामार्गाला लागून आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, कारण मँगनीज तिथल्या जमिनीत आहे. वाहतूक किंवा कच्चा माल यांपैकी एक तरी जवळ असल्याशिवाय मोठे भांडवल येत नाही, हा यातला सरळ हिशेब आहे.

कच्छचा अनुभव

सीमेवरच्या भागात उद्योग आणण्याचा देशातला मोठा प्रयोग गुजरातच्या कच्छ जिल्ह्यात झाला. हा जिल्हा पाकिस्तानच्या सीमेला लागून आहे. पाऊस कमी, खारे रण आणि कोरडी जमीन. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने तो उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी ३१ जुलैला केंद्र सरकारने तेथील नव्या कारखान्यांना पाच वर्षे उत्पादन शुल्कात सूट जाहीर केली. कारखाना सुरू करण्याची मुदत पुढे वाढवून ३१ डिसेंबर २००५ पर्यंत नेली.

कारखाने आले, आणि बरेच आले. पण ते मुख्यतः अंजार, गांधीधाम, भचाऊ, मुंद्रा या पट्ट्यात, म्हणजे कांडला आणि मुंद्रा बंदरांच्या आसऱ्याने. कांडला येथे तर १९६५ सालापासून निर्यात क्षेत्र होते. दूरच्या अबडासा तालुक्यात सिमेंटचा कारखाना उभा राहिला, कारण तिथे चुनखडी आहे. लखपत तालुक्यात वीजकेंद्र झाले, कारण तिथे लिग्नाइट आहे. सूट साऱ्या जिल्ह्याला सारखीच होती. तिचा लाभ मात्र ज्याच्याजवळ माल किंवा मार्ग होता त्यानेच घेतला.

कच्छमधील एक घटना आमच्या कारागीर वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. धमडका गावातील खत्री मुसलमान कारागीर पिढ्यान् पिढ्या अजरख छपाई करीत आले. या कामात कापड पुनःपुन्हा धुवावे लागते आणि पाण्यात लोह जास्त असले की वनस्पतीजन्य रंग बिघडतो. भूकंपानंतर गावच्या पाण्यातले लोहाचे प्रमाण वाढले. तेव्हा डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांच्या पुढाकाराने अनेक कुटुंबांनी भुजजवळ एकत्र जमीन घेतली आणि अजरखपूर हे नवे गाव वसवले. आज देशविदेशातील ग्राहक त्या गावात माल घ्यायला येतात. २०२४ साली कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांनी बाहेरच्या कारखानदाराची वाट पाहिली नाही. आपल्या धंद्याला पहिली गरज चांगल्या पाण्याची आहे हे ओळखून ते पाण्याकडे गेले, आणि एकेकटे न जाता मिळून गेले.

लाखांदूरजवळ काय आहे?

लाखांदूरला बंदर नाही, खनिजही नाही. पण पाणी आणि धान आहे. वैनगंगा व चुलबंद या नद्या तालुक्यातून वाहतात. इटियाडोह धरणाचे पाणी इथल्या शेतीला मिळते, आणि गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पवनीबरोबर लाखांदूरही येतो. साकोली-लाखांदूर-वडसा रस्ता एका बाजूला मुंबई-कोलकाता महामार्गाला आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेला जोडतो.

आता धानाचा हिशेब मांडू. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानापासून ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उसना तांदूळ धरला जातो. राहिलेल्या भागात सुमारे २० किलो तूस आणि सहा ते आठ किलो कोंडा असतो, बाकी धूळ व माती. म्हणजे शंभर क्विंटल धान तसाच बाहेर गेला, तर ६७ क्विंटल तांदळाबरोबर वीस क्विंटल तूस आणि सहा-सात क्विंटल कोंडाही आपण फुकट बाहेर पाठवतो. वाहतुकीचे भाडे मात्र साऱ्या वजनाचे पडते.

तूस हे जळण आहे. धान भिजवून, वाफवून, वाळवून उसना तांदूळ करतात, त्या बॉयलरला हेच तूस चालते. वाफवल्याने दाण्यातील चिरा बुजतात आणि कणी कमी पडते, म्हणून दाणा जास्त तुटणाऱ्या धानाला ही पद्धत फायद्याची आहे. तूस जळाल्यावर सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. चांगल्या जळालेल्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूची उष्णता टिकवण्यासाठी तिचा उपयोग होतो, सिमेंटमध्येही होतो. पोलादाचे कारखाने वरठी आणि कोनसरी अशा दोन्ही दिशांना आहेत. अशी राख चालेल का आणि कोणत्या दर्जाची हवी, एवढे तरी आपल्या व्यापाऱ्यांनी त्यांना विचारून घ्यावे.

कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. पण धान भरडल्याबरोबर कोंड्यातील तेल बिघडू लागते आणि थोड्याच दिवसांत तो खाद्यतेलाच्या कामाचा राहत नाही, केवळ जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो. गिरणीतच कोंडा काही मिनिटे उच्च तापमानाला तापवला तर तो टिकतो. तेल काढण्याचा कारखाना मोठ्या भांडवलाचा असतो, परंतु कोंडा टिकवून तेल कारखान्याला पुरवण्याचे काम चार-पाच गिरण्या मिळून करू शकतात. याखेरीज पोहे, मुरमुरे, तांदळाचे पीठ, आणि चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाची पाच किलोची स्वच्छ पिशवी हे धंदे लहान भांडवलात बसतात.

कारागिरांचा वाटा

गिरणी आली की तिच्या मागोमाग कारागिराचे काम येते. भरड यंत्राचे रबर रोल झिजतात, पॉलिशचे दगड घासून घ्यावे लागतात, चाळण्या फाटतात, इलेव्हेटरचे पट्टे आणि बादल्या बदलाव्या लागतात. हंगामात गिरणी एक दिवस बंद राहणे मालकाला परवडत नाही. हे काम जवळच होत असेल तर बाहेरगावचा गिरणीवालाही इथे यायला तयार होतो. ट्रॅक्टरची केजव्हील, ट्रॉली, मळणी यंत्राची दुरुस्ती, धान साठवण्याच्या पत्र्याच्या कोठ्या ही वेल्डिंग व लोहारकाम करणाऱ्यांची कामेही धानाशीच जोडलेली आहेत. कुशल दुरुस्ती हाताशी असणे ही उद्योगाला मिळणारी सवलतच आहे. ती शासन देत नाही, कारागीर देतो.

अशा कारागिरांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि निःशुल्क आहे, तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. मोठ्या कारखान्याकडे उधारी अडकते, तेव्हा हा आधार कामी येतो.

जागा घेताना

या भागात जागा घेताना दोन गोष्टींची खात्री करावी. पहिली पुराची. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेला आलेल्या मोठ्या पुराने भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांचे अतोनात नुकसान केले. नदीकाठची स्वस्त जागा अशा एका पुरात फार महाग पडते, म्हणून पूररेषा पाहिल्याशिवाय सौदा करू नये. दुसरी सातबाऱ्यावरील नोंदीची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बरीच जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जमीन वनजमीनच असल्याचा निर्णय दिला आहे. वर झाडाचे पान नसले तरी कागद पाहावा.

भांडवलाचा प्रश्न

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २०२२ साली सुधारला गेला, तेव्हा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपयांपर्यंतचे प्रकल्प त्यात बसवले गेले. ग्रामीण भागात अल्पसंख्याक अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे केवळ पाच टक्के, असे प्रमाण त्यात आहे. अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते. खाद्यप्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. दोन्ही योजनांचा हा टप्पा २०२५-२६ पर्यंतचा असल्याने अर्ज करण्यापूर्वी भंडारा येथील जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्यावेत.

दोन्ही अनुदाने बँकेच्या कर्जाशी जोडलेली आहेत. आमच्या अनेक वाचकांना व्याजाचा व्यवहार नको असतो. त्यांच्यासाठी भागीदारीचा मार्ग खुला आहे. एकाची जागा, दुसऱ्याचे भांडवल, तिसऱ्याचा हात, आणि नफा-तोट्याचे प्रमाण आधी ठरलेले. मात्र भागीदारी तोंडी ठेवू नये. करारपत्र लिहून नोंदवून घ्यावे. धंदे बुडाले त्यापेक्षा जास्त भागीदाऱ्या हिशेब न लिहिल्यामुळे मोडल्या, असा आमचा अनुभव आहे.

पहिले पाऊल

लाखांदूर, दिघोरी, बारव्हा, विरली, मासळ या गावांतील व्यापारी व गिरणीवाल्यांनी एकत्र बसून एक कागद तयार करावा. तालुक्यात हंगामाला किती धान निघतो, किती येथेच भरडला जातो, तूस व कोंडा कुठे आणि काय भावाने जातो, थ्री-फेज वीज कोणत्या गावात किती भाराची मिळू शकते, वडसा स्टेशनापर्यंत क्विंटलमागे भाडे किती पडते, कोणते कारागीर उपलब्ध आहेत, ही माहिती त्यात असावी. उद्योजक आला की पहिल्याच भेटीत हेच प्रश्न विचारतो. ज्या तालुक्याजवळ उत्तरे तयार असतात, त्याच्याशी बोलणी पुढे सरकतात. आणि समजा कोणी आलाच नाही, तरी याच कागदावरून आपल्यापैकी चौघांना आपला धंदा कोणता करावा हे दिसेल.