मातीतील प्रथिने मोजावी कशी?

अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून त्यात कॉस्टिक सोडा व मोरचूद यांचे द्रावण घातले, की जांभळा रंग येतो. ही प्रथिनांची ओळख. मग दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या झाडाखालची माती घेऊन हाच प्रयोग केला तर?

मातीत प्रथिने असतात. मेलेले जिवाणू, बुरशी, कुजलेली पाने यांतून ती येतात. सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात आणि वनस्पतींना नत्र मिळतो. म्हणून त्यांच्या प्रमाणावरून जमिनीचा कस अजमावता येतो. पण मोजणी सोपी नाही.

पहिली अडचण चिकटण्याची. गिरगाव चौपाटीच्या वाळूचे कण मोठे. त्यांना प्रथिने फारशी चिकटत नाहीत. चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनहूनही लहान. त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असल्याने ते प्रथिने घट्ट धरून ठेवतात. ती सुटावीत म्हणून माती सोडियम सायट्रेटच्या द्रावणात 121 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. हे यंत्र म्हणजे प्रेशर कुकरचा मोठा भाऊच!

दुसरी अडचण रंगाची. ब्रॅडफर्ड यांनी 1976 मध्ये सुचविलेल्या पद्धतीत कूमासी नावाचे रंगद्रव्य प्रथिनाशी जोडले जाऊन निळे होते. लालबाग-परळच्या गिरण्यांत एके काळी कापूस रंगवीत. हे द्रव्य मूळचे लोकर रंगविण्याचे. लोकर हे प्रथिनच ना! परंतु मातीच्या अर्कात कुजण्यातून बनलेली तपकिरी ह्युमिक द्रव्येही उतरतात आणि रंगाचे मापन बिघडवतात.

मग नत्रच मोजला तर? केल्डाल यांनी 1883 मध्ये तशी रीत शोधली. प्रथिनात सुमारे 16 टक्के नत्र असतो, म्हणून नत्राला 6.25 ने गुणतात. पण मातीतील अमोनिया आणि युरिया यांतील नत्रही त्या हिशेबात शिरतो.

यावर एक युक्ती आहे. मातीच्या दुसऱ्या भागात 100 मायक्रोग्रॅम माहीत असलेले प्रथिन मुद्दाम मिसळा. मापात 60 चीच वाढ दिसली, तर 40 कुठे तरी हरवले, हे कळते.

या युक्तीने एक मोठा समजही तपासला गेला. बुरशीपासून येणारे 'ग्लोमॅलिन' हे प्रथिन 1996 मध्ये प्रसिद्धीस आले. एवढ्या उष्णतेत इतर प्रथिने नष्ट होतात, असे मानले जाई. 2006 मध्ये संशोधकांनी मातीत परकी प्रथिने मिसळून पाहिली. तीही ग्लोमॅलिन म्हणून मोजली गेली!

म्हणून मातीच्या अहवालात प्रथिनांचा आकडा दिसला, की आधी विचारा: तो कोणत्या रीतीने काढला? आणि मिसळलेले प्रथिन परत किती मिळाले?