खासगी रेल्वे : वेग आहे, पंच कुठे?

रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र उभारले. त्या गावात आजही रेल्वे स्थानक नाही. खासगी प्रवासी गाड्यांचा विचार करताना हे वास्तव नजरेआड करता येणार नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्राने १०९ मार्गांवर ताशी १६० किलोमीटर वेगक्षमतेच्या १५१ गाड्या चालविण्यासाठी खासगी कंपन्यांना पाचारण केले. ३० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित होती. जुलै २०२१ मध्ये निविदा उघडल्या, तेव्हा बारापैकी तीनच समूहांसाठी बोली आली. तेही मुंबई आणि दिल्लीचे. चेन्नई समूह रिकामाच राहिला. बोलीदार दोनच; त्यांपैकी एक रेल्वेचाच उपक्रम, आयआरसीटीसी.

यामागील मूलभूत अडचण उघड आहे. रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक रेल्वेच्या हाती. प्रतिस्पर्धीही रेल्वे आणि पंचही रेल्वेच. मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केलेले रेल्वे विकास प्राधिकरण प्रत्यक्षात अवतरले नाही. स्वायत्त नियामकाविना खासगी भांडवल येणे कठीण. आणि आले तरी ते महानगरांकडेच धावेल. ओरत्तनाडुसारख्या तालुक्यांची जबाबदारी मात्र शासनाचीच राहील.