बगळ्याची चोच एवढ्या लांब पोचते कशी?



गेल्या आठवड्यात आमच्या एका सभासदाच्या जाळ्यात बगळा अडकला. सोडवायला गेला तर चोच भुवईवर बसली. डोळा थोडक्यात वाचला. "मी हातभर लांब होतो, तरी पोचली कशी?" असं तो विचारत होता. म्हणून आज मासळीऐवजी पक्ष्यांच्या मानेबद्दल लिहितो.

माणसाच्या मानेत मणके ७. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही ७च. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांच्या पुढच्या पायांचे पंख झाले, त्यामुळे हाताची कामं चोच आणि मानेवर आली. ज्याची जशी पोट भरायची रीत, तशी पिढ्यान्‌पिढ्या मान घडत गेली. बगळ्याच्या मानेत २०च्या आसपास मणके असतात.

आपल्याकडचेच पक्षी बघा.

बगळा: सुकतीला मानशीपाशी तासन्‌तास उभा. मानेचा सहावा मणका लांब, तिथे मान घडी घालून ठेवलेली. मासा टप्प्यात आला की घडी सुटते आणि चोच भाल्यासारखी पुढे जाते.

तिरंदाज: हा पाण्याखाली तेच करतो. आठव्या मणक्यापाशी बिजागरीसारखी रचना असते. मान झटक्यात सरळ होते आणि टोकदार चोच मासळीत घुसते.

पाणकावळा: हा भोसकत नाही. पायांनी पाणी मारत मासळीचा पाठलाग करतो आणि धरतो. म्हणून चोचीच्या टोकाला आकडा.

घार: मासा नख्यांनी उचलते. तिला लांब मानेची गरजच पडली नाही.

आता कामाची गोष्ट. बगळा किंवा तिरंदाज जाळ्यात सापडला तर तोंड जवळ नेऊ नका. मान आखडून बसलाय म्हणजे थकलाय असं समजू नका, तीच त्याची मारायची तयारी. आधी डोक्यावर टॉवेल टाका. दुसऱ्याला डोकं हलकेच धरायला सांगा, मान आवळू नका. मग कात्रीने तंगूस कापा, ओढू नका. पंखात, पायात धागा राहिला नाही ना, ते बघूनच सोडा. जंगली पक्ष्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि फाटकी जाळी खाडीत टाकू नका.

जाळं परत विणता येतं, डोळा नाही.

तुमच्या वाड्यावर तिरंदाजाला काय म्हणतात? खाली लिहा.